रस्त्यातील वाहनबिघाड आणि परस्पर मदत (वाशीम जिल्हा)

प्रवासात वाहन नादुरुस्त होऊन रस्त्यात अडकल्यावर त्याच वाटेने जाणारे चालक, जवळपासचे शेतकरी आणि रस्त्याकाठचे कारागीर यांच्याकडून मिळणाऱ्या, बहुधा विनामोबदला साहाय्याला रस्त्यातील परस्पर मदत असे म्हणता येईल. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वाशीम जिल्ह्यात ही पद्धत बैलगाडीच्या काळापासून चालत आली असून ट्रक, एसटी बस आणि प्रवासी जीप यांच्या काळात ती अधिक रुळली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यानंतर मात्र या मदतीचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी नव्याने चर्चेत आल्या. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री याच महामार्गावर वाशीम जिल्ह्याच्या हद्दीत ५० पेक्षा अधिक वाहनांचे टायर एकाच ठिकाणी फुटले व प्रवासी रात्रभर अडकून पडले. या घटनेची नोंद देशभरातील प्रसारमाध्यमांनी घेतली.

## भौगोलिक पार्श्वभूमी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्यातील सहा तालुके होत. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. जुन्या काळापासूनच हा प्रदेश वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधील वाटेवर राहिला आहे.

आजही जिल्ह्याची वाहतूक प्रामुख्याने दोन दिशांनी चालते. अकोल्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ पातूरच्या पुढे घाट चढून पठारावर येतो आणि मेडशी, मालेगाव, वाशीम असा दक्षिणेस हिंगोली व नांदेडकडे जातो. दुसरा मार्ग पूर्व-पश्चिम आहे. नागपूरकडून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणारा जुना रस्ता कारंजा, शेलूबाजार व मालेगाव या गावांतून पुढे मेहकर आणि जालन्याकडे जातो. समृद्धी महामार्गही याच तीन गावांच्या परिसरातून नेलेला आहे. त्यामुळे गावातून जाणारा जुना रस्ता आणि गावाला वगळून जाणारा नवा रस्ता हे दोन्ही या जिल्ह्यात एकमेकांपासून थोड्याच अंतरावर पाहायला मिळतात. वाहन बंद पडल्यावर या दोन रस्त्यांवर येणारा अनुभव मात्र अगदी वेगळा असतो.

जिल्ह्याची जमीन बहुतांशी काळी कसदार आहे. पावसाळ्यात डांबरी रस्त्याची कड सोडताच भरलेला ट्रक चाकाच्या निम्म्यापर्यंत रुततो. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि इंजिन तापणे, टायर फुटणे हे प्रकार वाढतात. रस्त्यातील बिघाडांचे येथील वेळापत्रक असे ऋतूंनी ठरवून दिलेले आहे.

## मोटारीपूर्वीचा काळ

मोटारी येण्यापूर्वी वऱ्हाडातील मालवाहतूक बैलगाड्यांवर आणि त्याही आधी बंजारा समाजाच्या लदेणीवर चालत असे. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल, त्यांच्यासोबत बायकामुलांसह चालणारी कुटुंबे आणि सर्वांचा प्रमुख असलेला नायक असा हा तांडा असे. धान्य व मीठ ही त्यांची मुख्य मालाची जिन्नस. तांडा हा व्यापारी काफिला होता तसाच तो चालता संसारही होता. एखादा बैल लंगडा झाला किंवा माणूस आजारी पडला तर त्याचा भार इतरांच्या जनावरांवर वाटून दिला जाई, कारण वाटेत कोणालाही मागे सोडून जाणे परवडणारे नव्हते. रेल्वे व पक्के रस्ते झाल्यावर लदेणीचा व्यवसाय संपला आणि तांडे स्थिर वस्त्या बनले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान असून तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला देशाच्या अनेक राज्यांतून वाहने येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत या संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

बैलगाडीचा बिघाड गावातच दुरुस्त होऊ शकत असे. आख मोडला किंवा आरे निखळले तर सुतार, चाकावरची लोखंडी धाव सैल झाली तर लोहार. चिखलात रुतलेली गाडी काढण्यासाठी मागून येणाऱ्या गाडीचे बैल सोडून पुढे जुंपले जात. हा शिष्टाचार इतका गृहीत होता की त्याला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला वाटली नाही.

## मोटारींचा काळ

### एसटी

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर धावली. त्या वेळी वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ व मराठवाड्यातील सार्वजनिक बससेवा टप्प्याटप्प्याने एकाच महामंडळाखाली आल्या. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर व रिसोड येथील आगारे अकोला विभागात मोडतात.

एसटी बस रस्त्यात बंद पडल्यास प्रवाशांना त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून दिले जाते. वाहक प्रत्येक येणाऱ्या बसला हात करून जागा असेल तितके प्रवासी पाठवतो. लहान मुले असलेल्या स्त्रिया व वृद्ध यांना सहसा आधी पाठवले जाते. चालक बसजवळ थांबतो आणि आगारातून यांत्रिक कर्मचारी येईपर्यंत बस सोडत नाही. भ्रमणध्वनी येण्यापूर्वी बिघाडाचा निरोपही दुसऱ्या बसच्या चालकामार्फतच आगारात पोहोचत असे. सरकारी नियम आणि रस्त्यावरची माणुसकी यांची सांधेजोड इतक्या सहजतेने झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

### ट्रक आणि काळीपिवळी

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत भारतीय रस्त्यांवर मोजक्याच कंपन्यांचे ट्रक होते. जमशेदपूरच्या कारखान्यात १९५४ पासून जर्मन डायमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनू लागले आणि टाटांचे ट्रक देशभर पसरले. त्यानंतर बराच काळ इंजिनाच्या मूळ रचनेत मोठे बदल झाले नाहीत. परिणामी एका ट्रकचा क्लीनर दुसऱ्या ट्रकखाली शिरला तरी त्याला सगळे ओळखीचेच दिसे. पाना तोच, नट तोच, बेल्टही बहुधा तोच. परस्पर मदतीमागे बंधुभाव होता हे खरे. पण वाहनांच्या या सारखेपणाचाही त्यात मोठा वाटा होता, आणि ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते.

ग्रामीण भागातील प्रवासी जीपना त्यांच्या रंगावरून काळीपिवळी म्हणतात. या गाड्या ठरावीक फेऱ्यांवर चालत असल्याने त्यांचे चालक एकमेकांना नावाने ओळखतात. बंद पडलेल्या गाडीतील प्रवासी दुसऱ्याने पुढे नेणे, स्टेपनी उसनी देणे, धक्का मारून गाडी चालू करून देणे हा त्यांच्यातील नित्याचा व्यवहार असतो. आज दिलेली स्टेपनी उद्या स्टँडवर परत मिळणार याची खात्री असल्यामुळे येथे मदत आणि उधारी यांच्यातील सीमारेषा धूसर होते.

## सामान्य बिघाड आणि रस्त्यावरचे उपाय

टायर. पंक्चर हा सर्वांत जास्त आढळणारा बिघाड. जुन्या ट्रकच्या टायरमध्ये ट्यूब व तिच्या संरक्षणासाठी फ्लॅप असतो आणि टायर जागेवर धरून ठेवण्यासाठी चाकाला वेगळी लोखंडी रिंग बसवलेली असते. चाक खोलून, ट्यूब काढून, पॅच लावून पुन्हा हवा भरणे हे काम दोन अनुभवी माणसे रस्त्याच्या कडेला करू शकतात. त्यात एक गंभीर धोका आहे. रिंग खाचेत नीट बसलेली नसताना हवा भरली तर ती प्रचंड जोराने उडते व समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून जाणकार कारागीर हवा भरताना चाकाभोवती साखळी गुंडाळतात किंवा रिंगची बाजू जमिनीकडे ठेवतात आणि स्वतः बाजूला उभे राहतात. मदतीला धावलेल्या अननुभवी माणसाने हे काम हाती घेऊ नये.

इंजिन तापणे. घाटात भरलेल्या वाहनाचे पाणी उकळल्यास इंजिन थंड होण्याची वाट पाहावी लागते. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन थंड झाल्यावर, ते चालू ठेवून थोडे थोडे पाणी घातले जाते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. शेतातील विहिरीवरून कॅन भरून आणून देणे हे शेतकऱ्यांकडून होणारे सर्वांत नेहमीचे साहाय्य होय.

एअर धरणे. डिझेल संपून गाडी बंद पडली की इंधनाच्या नळीत हवा शिरते. मग टाकीत नवे डिझेल ओतले तरी इंजिन चालू होत नाही. जुन्या इंजिनात फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल चढवतात; बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळतात. याला एअर काढणे म्हणतात. रस्त्यावर एखाद्याने दुसऱ्याला शिकवलेल्या कसबांपैकी हे बहुधा सर्वाधिक पसरलेले कसब असावे. नव्या कॉमन रेल इंजिनात मात्र इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतील दाब हजार बारच्या वर असतो. चालू इंजिनावर त्या सैल करणे अत्यंत धोक्याचे आहे.

पेट्रोल गाड्या. ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्या कडक उन्हात बंद पडण्याचे एक कारण म्हणजे इंधनपंपापाशी पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटणे. पंपावर ओले फडके गुंडाळून काही मिनिटे थांबल्यास गाडी पुन्हा चालू होते. ठिणगी न पडण्यामागे बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरमधील काजळलेले पॉइंट असत. पॉलिश पेपरने ते घासून काम भागत असे.

पाटा तुटणे. खड्ड्यात आदळून मुख्य पाटा तुटल्यास आख सरकतो. आख व चेसिस यांच्यामध्ये लाकडी ओंडका घालून, साखळीने आवळून, माल उतरवून अगदी सावकाश गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेली जाते. ही निव्वळ तात्पुरती सोय असते.

बॅटरी. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीची तार लावून इंजिन चालू करता येते. धन टोकाला धन टोक आधी, आणि ऋण बाजूची शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर इंजिनाच्या धातूला, हा त्याचा क्रम. मोटारींची विद्युतप्रणाली १२ व्होल्टची असते, तर अनेक ट्रकांची २४ व्होल्टची. चांगल्या हेतूने ट्रकवाल्याने कारला दिलेला हा विद्युतप्रवाह कारमधील इलेक्ट्रॉनिक भाग जाळून टाकू शकतो.

बंद पडलेल्या ट्रकमागे दगड किंवा झाडाच्या फांद्या मांडून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. दिवसा फांद्या उपयोगी पडतात. रात्री दगड दिसत नाहीत आणि ट्रक निघून गेल्यावर ते तेथेच राहिले तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला प्राणघातक ठरतात. परावर्तक त्रिकोण वाहनात असूनही तो न वापरता दगडच मांडण्याची सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही.

## टोचन

बंद वाहन दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्याला चालकांच्या बोलीत टोचन म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील ओढण्याच्या साखळीच्या नावावरून आला आहे. दोर, साखळी, लोखंडी तारदोर किंवा ताठ दांडा यांचा त्यासाठी उपयोग होतो. शेतात किंवा रस्त्याच्या कडेला रुतलेले वाहन काढण्यासाठी ट्रॅक्टरसारखे दुसरे साधन नाही. गावातून ट्रॅक्टर बोलावल्यास डिझेलचे पैसे द्यायचे, बाकी मजुरी द्यायची की चहा, हे त्या त्या वेळी ठरते.

टोचन करताना मागच्या वाहनाचे इंजिन बंद असल्याने स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी यांत्रिक मदत संपते. एरवीपेक्षा कितीतरी जोराने ब्रेक दाबावा लागतो, आणि हे माहीत नसलेला चालक पुढच्या वाहनावर जाऊन आदळतो. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या वाहनांत उलट प्रकार घडतो. हवेचा दाब उतरला की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप आवळले जातात आणि वाहन जागचे हलत नाही. अशा वेळी दुसऱ्या ट्रकमधून नळीने हवा घेऊन किंवा ब्रेक चेंबरमागचा बोल्ट फिरवून चाके मोकळी करतात. त्याआधी चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावणे अत्यावश्यक असते, कारण ब्रेक सुटताच उतारावरचा ट्रक चालू लागतो.

रस्ते नियमनाच्या १९८९ च्या विनियमांत ओढणाऱ्या व ओढल्या जाणाऱ्या वाहनांतील अंतर ५ मीटरपर्यंत आणि वेग ताशी २४ किमीपर्यंत मर्यादित केलेला होता. २०१७ मध्ये त्यांच्या जागी मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियम आले.

## समृद्धी महामार्ग

नागपूर ते मुंबई हा ७०१ किमी लांबीचा, प्रवेश नियंत्रित असा हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून त्याची सुमारे ९७ किमी लांबी जाते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरात वन्यप्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून खास रचना केलेली आहे. हलक्या वाहनांसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे.

हा रस्ता वेगासाठी बांधलेला असून त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे. दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत. मात्र जुन्या रस्त्यावरील मदतीची जवळजवळ सर्व साधने त्यामुळे कुंपणाबाहेर राहिली. पंक्चरवाला दुचाकीवरून येतो, रुतलेले वाहन ट्रॅक्टर काढतो, पाणी शेतकरी आणतो. या तिघांनाही येथे येता येत नाही. कारंज्याहून मालेगावकडे जुन्या रस्त्याने जाताना गावे, ढाबे आणि टायरची दुकाने थोड्या थोड्या अंतरावर लागतात, तर महामार्गावर एका चढ-उतार मार्गापासून दुसऱ्यापर्यंत अनेक किलोमीटर काहीही लागत नाही. वाहन बंद पडल्यास बाजूच्या शेतात काम करणारी माणसे दिसतात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

इतर चालकांनी थांबणेही येथे धोक्याचे असते. ताशी १२० किमी वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. कडेला उभ्या असलेल्या वाहनावर मागून आदळून झालेले अपघात या महामार्गावर वारंवार घडले आहेत. म्हणूनच वाहन बंद पडल्यास धोक्याचे दिवे लावून, सर्वांनी उतरून संरक्षक कठड्यापलीकडे थांबावे आणि मदत क्रमांकावर कळवावे असे सांगितले जाते. वाहनात किंवा वाहनामागे उभे राहून टायर बदलणे हे येथे जुन्या रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक जोखमीचे आहे. निर्जन जागी थांबण्याची भीतीही आहेच. उभ्या ट्रकमधून डिझेल चोरीला गेल्याच्या तक्रारी या मार्गावर झालेल्या आहेत.

मदतीसाठी महामार्गावर गस्ती वाहने, शीघ्र प्रतिसाद वाहने, क्रेन व रुग्णवाहिका यांची यंत्रणा ठेवलेली आहे. पहिला टप्पा खुला झाला तेव्हा मात्र पेट्रोल पंप, उपाहारगृहे, प्रसाधनगृहे व दुरुस्तीच्या सोयी अपुऱ्या होत्या आणि त्याबद्दल प्रवाशांनी सातत्याने तक्रारी केल्या. टायर फुटून होणारे अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणीची मोहीम घेतली. झिजलेला किंवा कमी हवा असलेला टायर दीर्घकाळ एकसारख्या वेगाने पळवल्यास त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकून तापतात आणि अखेर फाटतात. शहरात वर्षानुवर्षे चाललेला टायर अशा रस्त्यावर दोन तासांत दगा देऊ शकतो.

### २९ डिसेंबर २०२४ ची घटना

२९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री दहाच्या सुमारास मालेगाव व वनोजा टोलनाका यांच्या दरम्यान महामार्गावर एक लोखंडी फलक पडलेला होता. त्यावरून गेल्याने ५० हून अधिक वाहनांचे टायर फुटले. त्यांत कार होत्या आणि मालवाहू ट्रकही होते. बराच वेळ मदत न पोहोचल्याने प्रवाशांना ती रात्र रस्त्यावरच काढावी लागली, असे वृत्तांमध्ये नमूद आहे. फलक आपोआप पडला की कोणी टाकला याबाबत त्या वेळी स्पष्टता नव्हती.

एकाच अडथळ्यावर इतकी वाहने कशी गेली, याचे उत्तर वेगाच्या गणितात आहे. खाली केलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश साधारण ४० ते ५० मीटरपर्यंत पडतो. ताशी १२० किमी वेगाने हे अंतर दीड सेकंदात संपते आणि रस्त्यावर सपाट पडलेली लोखंडी वस्तू ओळखून वळण्यास तेवढा वेळ पुरत नाही. पुढे टायर फुटून थांबलेली वाहने मागून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी रस्त्यावर उतरली तर तेच प्राणावर बेतण्याची शक्यता असते.

परस्पर मदतीच्या दृष्टीने या रात्रीचे वैशिष्ट्य असे की मदत करू शकणारे सारेच एकाच संकटात सापडले होते. प्रत्येक कारमध्ये फार तर एक स्टेपनी असते. दोन टायर गेले तर दुसऱ्याची स्टेपनी मागावी लागते. पण निरनिराळ्या कारच्या चाकांचा व्यास, बोल्टची संख्या व त्यांमधील अंतर जुळत नाही. शिवाय २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा व ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच दिलेला असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी देणे बंधनकारक राहिलेले नाही. असा संच खिळ्याने पडलेल्या छिद्रासाठी पुरेसा असतो. लोखंडी पत्र्याने चिरलेल्या टायरपुढे तो निरुपयोगी ठरतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबादजवळ याच महामार्गावर पुन्हा काही वाहने पंक्चर झाली. रस्त्याला पडलेल्या भेगा भरण्यासाठी बसवलेल्या धातूच्या नळ्यांमुळे ते घडल्याचे महामंडळाने स्पष्ट केले.

## कायदेशीर तरतुदी

अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देण्याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मान्यता दिली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालण्यात आले. हे संरक्षण अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांसाठी आहे. केवळ बंद पडलेल्या वाहनाला हात लावणाऱ्या आणि त्यात नुकसान झालेल्या मदतनीसाचा विचार त्यात नाही. सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीस अडथळा होईल असे वाहन ठेवल्यास कलम २०१ अन्वये दंड होतो. परंतु अनपेक्षित बिघाड झालेला असून वाहन हलवण्याचे काम चालू असेल तर तो दंड लागू होत नाही.

## संघटित सेवा

मोटारमालकांनी एकत्र येऊन रस्त्यात मदतीची व्यवस्था उभारण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात रुजली. ब्रिटनमधील ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ ची, तर जर्मनीतील एडीएसी ही संघटना १९०३ ची. तिच्या पिवळ्या गाड्यांतून येणाऱ्या मदतनीसांना १९५४ पासून ‘पिवळे देवदूत’ म्हटले जाते. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. अशा सेवांचा लाभ मुख्यतः मोठ्या शहरांना मिळाला. वाशीमसारख्या जिल्ह्यात ती जागा रस्त्यावरच्या अनौपचारिक मदतीनेच भरून काढली. अलीकडे विमा कंपन्या व वाहन उत्पादक सशुल्क मदत देतात. तिची उपयुक्तता शेवटी जवळची क्रेन किती अंतरावर आहे यावरच अवलंबून राहते.

## जुनी वाहने आणि चाकांवरची घरे

वाहनातच संसार मांडून फिरणारे लोक महाराष्ट्रात नवे नाहीत. जत्रांमधून तंबूत चित्रपट दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजचे ट्रक हे प्रक्षेपणगृह, गोदाम आणि कामगारांचे बिऱ्हाड असे तिन्ही असत. या व्यवसायाच्या अखेरच्या काळाचे चित्रण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात आहे. दसऱ्यानंतर गावोगाव हिंडणारे तमाशाचे फडही राहुट्या, साहित्य व कलावंत यांसह वाहनांतूनच फिरतात. रात्रीचा खेळ संपला की कनात उतरवून दुसऱ्या गावचा रस्ता धरायचा असल्याने वाटेत ट्रक बंद पडणे म्हणजे त्या दिवशीचा खेळ, पर्यायाने सर्वांची त्या दिवशीची कमाई बुडणे होय. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी वाशीम जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर जैन, रिसोड अशी जाते, तेव्हा तिच्यासोबतही साहित्याची वाहने असतात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. झोपण्याची सोय, स्वयंपाकाची जागा व स्वच्छतागृह असलेल्या वाहनांना आणि ती उभी करण्याच्या तळांना त्यात उत्तेजन देण्यात आले. अशी अनेक वाहने ट्रॅव्हलर या प्रवासी वाहनाच्या चेसिसवर बांधली जातात. त्यामुळे इंजिनाचा बिघाड कोणत्याही तालुक्याच्या गावी सुधारता येतो. पाण्याचा पंप, बॅटरी किंवा आतील वीजजोडणी बिघडल्यास मात्र गॅरेजवाल्यालाही ती यंत्रणा नवी असते.

पन्नास वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी वाहने जुलै २०२१ पासून व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षांसाठी असते. नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मेळावे, इंधन भरणे व देखभाल एवढ्याच कारणांसाठी ही वाहने रस्त्यावर आणता येतात, नित्य वापरासाठी नाही.

अशा जुन्या वाहनांचे सुटे भाग दुर्मीळ असले तरी त्यांचा बिघाड डोळ्यांनी दिसतो आणि हातांनी दुरुस्त होतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या ट्रकांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण, अनेक संवेदक आणि संगणकीय नियंत्रण असते. एखादा संवेदक निकामी झाला तरी यंत्रणा इंजिनाची शक्ती कमी करते आणि निदानासाठी लॅपटॉप जोडावा लागतो. या वाहनांमुळे हवेचे प्रदूषण घटले आहे. त्याचबरोबर, शेलूबाजारच्या रस्त्याकाठी तीस वर्षे एअर काढून देणारा कारागीर आणि शेजारी थांबून पाना धरणारा दुसरा चालक या दोघांच्याही हाताला त्यांत करण्यासारखे फारसे काम उरलेले नाही. टायर, बेल्ट, पाणी आणि बॅटरी या चार बाबतींत मात्र त्यांची गरज अजूनही पूर्वीइतकीच पडते.